वारीवरचे पुस्तक कोणत्या फळीवर?

[दृश्य: ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग. टेबलावर एक पुस्तक, भोवती विद्यार्थी.]

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांपुढे एक पुस्तक ठेवले जाते आणि त्याला वर्गांक, म्हणजे विषयावरून ठरणारा क्रमांक, द्यायला सांगितले जाते. समजा, हे पुस्तक पंढरपूरच्या वारीवरचे आहे. लेखकाने पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत जाऊन ते लिहिले आहे. त्यात दिंड्यांची शिस्त आहे, मुक्कामाच्या गावांची वर्णने आहेत, अभंगांचे विवेचन आहे आणि वारीत जातिभेद किती मिटतो व किती उरतो याची चर्चाही आहे. मग हे पुस्तक धर्माचे म्हणायचे, समाजशास्त्राचे, प्रवासवर्णनाचे की साहित्याचे? वाचकाला या प्रश्नाचे उत्तर दिल्याविना पुस्तक वाचता येते. ग्रंथपालाला मात्र ते द्यावेच लागते, कारण प्रत एकच असते आणि ती एका वेळी एकाच फळीवर उभी राहते.

या अडचणीवर ग्रंथालये दोन बाजूंनी काम करतात. वर्गीकरण पुस्तकाची फळीवरची जागा ठरवते. तालिका, म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांची नोंदसूची, त्या एका जागेपर्यंत वाचकाला लेखकाच्या नावाने, ग्रंथनामाने किंवा विषयाने पोहोचवते. शिकताना हे दोन विषय वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत येतात, पण टेबलावरच्या पुस्तकासाठी दोन्हींचा विचार एकाच वेळी करावा लागतो.

[दृश्य: कपाटांवरील विषयफलक, ००० ते ९००.]

१८७६ साली अमेरिकेत मेल्व्हिल ड्यूई यांनी अवघ्या ४४ पानांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यावर त्यांचे नावही नव्हते. त्याआधी बहुतेक ग्रंथालयांत पुस्तकाला कपाटाचा आणि फळीचा क्रमांक मिळत असे, आणि संग्रह वाढून कपाटे हलली की सगळे क्रमांक बदलावे लागत. ड्यूई यांनी क्रमांक फळीपासून सोडवून विषयाला जोडला. ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येक वर्गाचे दहा विभाग, प्रत्येक विभागाचे दहा उपविभाग, आणि पुढे दशांशचिन्हानंतर हवा तेवढा विस्तार, अशी ही रचना आहे. ९०० मध्ये इतिहास येतो, ९५४ म्हणजे भारताचा इतिहास आणि ९५४.७९२ म्हणजे महाराष्ट्राचा. नवे पुस्तक दोन जुन्या पुस्तकांच्या मध्ये कोठेही शिरू शकते आणि कोणाचाही क्रमांक बदलावा लागत नाही. आज हे इतके स्वाभाविक वाटते की त्यामागे कोणाची तरी कल्पकता होती हेच विसरायला होते.

आता वारीचे पुस्तक घेऊ. हिंदू धर्म म्हणून पाहिले तर ते २९४.५ च्या पोटात जाईल. धर्माचा समाजशास्त्रीय अभ्यास मानला तर ३०६.६ हा क्रमांक मिळेल. महाराष्ट्रातील प्रवासाचे वर्णन मानले तर ९१५.४७९२, आणि अभंगांचे विवेचनच प्रधान असेल तर मराठी काव्याचा ८९१.४६१. चारही क्रमांक पद्धतीत बसतात. विद्यार्थ्याने येथे शिकायची पहिली गोष्ट अशी की ड्यूई यांची पद्धत पुस्तक कशाविषयी आहे एवढेच विचारत नाही, ते कोणत्या ज्ञानशाखेच्या दृष्टीने लिहिले आहे असेही विचारते. म्हणून केवळ नाव वाचून वर्गांक देता येत नाही. प्रस्तावना, अनुक्रमणिका, मलपृष्ठ आणि वेळ पडल्यास एखादे प्रकरण वाचावे लागते. दोन विषयांपैकी ज्याला अधिक पाने आणि अधिक विचार दिला असेल त्याचा क्रमांक घ्यायचा. दोन्ही सारखेच असतील तर पद्धतीच्या क्रमांकांच्या तक्त्यात जो आधी येतो तो घ्यायचा. हा दुसरा नियम काहीसा आंधळा आहे, पण दहा ग्रंथपालांकडून दहा उत्तरे येण्यापेक्षा आंधळा नियम बरा, असा त्यामागचा व्यवहार आहे.

या तक्त्यांत त्यांच्या कर्त्याचे जग दिसते आणि ते मराठी विद्यार्थ्याला लवकर जाणवते. धर्माच्या २०० या वर्गात २२० पासून २८९ पर्यंतचे क्रमांक बायबल आणि ख्रिस्ती धर्मासाठी राखलेले आहेत. हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ज्यू, इस्लाम आणि जगातील उरलेले सारे धर्म २९० च्या दहा घरांत दाटीवाटीने बसवलेले आहेत. साहित्याच्या ८०० मध्ये अमेरिकन साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२०, जर्मनला ८३०, फ्रेंचला ८४० असे प्रशस्त विभाग मिळाले. मराठीच्या वाट्याला ८९१.४६ आले. त्यामुळे आपल्या एखाद्या जुन्या वाचनालयात सात-आठ कपाटे भरतील इतक्या कादंबऱ्यांच्या पाठीवर ८९१.४६३ हा एकच वर्गांक येतो आणि त्यांना वेगळे करण्याचे सारे ओझे लेखकाच्या नावावरून केलेल्या ग्रंथांकावर पडते. आपल्या भाषेच्या साहित्याला आखूड क्रमांक द्यावा किंवा अंकाच्या जागी अक्षर वापरावे, अशी सवलत ड्यूई पद्धतीतच दिलेली आहे. अनेक सार्वजनिक वाचनालयांनी ती वाट न धरता कथा, कादंबरी, नाटक, चरित्र असे विभाग करून त्यात अनुक्रमांकाने पुस्तके लावली. शास्त्राच्या वर्गात याला नाके मुरडली जातात. पण ज्या वाचनालयात रोजच्या देवघेवीचा मोठा भाग कादंबऱ्यांचाच असतो, तेथे ही सोय शहाणपणाची आहे.

[दृश्य: बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे चित्र.]

हे शास्त्र भारतात शिकवले जाऊ लागले ते एका मराठी राजाच्या पुढाकाराने. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावात जन्मलेले सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम अलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले. राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते, आणि वाचायला शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर ती विद्या टिकणार नाही, हे महाराजांनी ओळखले होते. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांतून फिरणारी पुस्तके अशी साखळी उभी राहिली. ती चालवायला माणसे हवीत म्हणून १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. बोर्डन यांनी ड्यूई आणि त्यांचे समकालीन चार्ल्स कटर यांच्या पद्धतींचा आधार घेऊन बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केले. १९१२ पासून तेथून ग्रंथालयांना वाहिलेले जे नियतकालिक निघू लागले, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे.

[दृश्य: मद्रास विद्यापीठ; त्यानंतर मेकॅनो खेळण्याचे तुकडे.]

वर्गीकरणाचा विचार मुळापासून बदलला तो मद्रासमध्ये. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ओस पडलेल्या ग्रंथालयात दिवस काढणे त्यांना इतके नकोसे झाले की काही दिवसांतच ते परत शिकवायला जाण्याची विनंती करू लागले. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, मग पाहू, असे त्यांना सांगण्यात आले. लंडनमध्ये त्यांनी बर्विक सेयर्स यांच्याकडे वर्गीकरणाचे धडे घेतले, आणि तेथील एका मोठ्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू वेगवेगळ्या रीतीने जोडून हवी ती वस्तू तयार होत होती. आधीच तयार असलेल्या घरांत पुस्तक कोंबण्यापेक्षा विषयाचे सुटे घटक द्यावेत आणि प्रत्येक पुस्तकासाठी ते जोडून नवा क्रमांक घडवावा, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. १९२५ मधल्या परतीच्या प्रवासात जहाजावरच्या पुस्तकांवर त्यांनी तिचे पहिले प्रयोग केले. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली.

या पद्धतीचे उदाहरण म्हणून वर्गात हमखास एक विषय दिला जातो: भारतात १९५० मध्ये झालेले, फुप्फुसांच्या क्षयरोगावरील क्ष-किरण उपचारांविषयीचे संशोधन. विद्यार्थी आधी विषयाचे तुकडे पाडतो. वैद्यक हा मुख्य वर्ग, फुप्फुस हा अवयव, क्षयरोग, उपचार, क्ष-किरण, संशोधन, भारत आणि शेवटी काळ. प्रत्येक तुकड्याचा अंक तक्त्यातून काढून तो ठरलेल्या विरामचिन्हाने जोडला की 'एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५' असा वर्गांक तयार होतो. पहिल्यांदा तो पाहणारा दचकतो. पण डावीकडून उजवीकडे वाचत गेले की विषयाचे वाक्यच वाचल्यासारखे होते. रंगनाथन यांनी पुढे विषयाचे सारे पैलू पाच मूलभूत गटांत मांडले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. वारीचे पुस्तक येथे ठेवले तर संप्रदाय, यात्रेचा आचार, महाराष्ट्र आणि काळ हे सारे एका क्रमांकात आणता येते. धर्माच्या वर्गात येथे वैदिक आणि वेदोत्तर हिंदू धर्म आधी, मग जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम असा क्रम आहे. म्हणजे मद्रासच्या तक्त्यातही मद्रासचे जग आले, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

एवढे असूनही भारतातील बहुतेक ग्रंथालये ड्यूईच वापरतात. लांबलचक क्रमांक पुस्तकाच्या अरुंद पाठीवर मावत नाही, फळीवर पुस्तक लावणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच प्रकारच्या विरामचिन्हांचा क्रम लक्षात ठेवावा लागतो, आणि तक्ते अद्ययावत ठेवणारी मोठी यंत्रणा ड्यूईच्या मागे आहे तशी येथे उभी राहिली नाही. रंगनाथन यांचा खरा वारसा विषय फोडून पाहण्याच्या सवयीत आहे, असे माझे मत आहे. ड्यूईच्याच नंतरच्या आवृत्त्यांत पूरक तक्त्यांतून अंक जोडण्याची पद्धत वाढत गेली, हेही या ठिकाणी नोंदवायला हवे.

[दृश्य: तालिकापत्रांचे लाकडी कप्पे.]

आता तालिकेकडे वळू. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या तालिकापत्रावर लेखक, ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठे लिहिणे हे काम कारकुनी वाटते. पहिल्याच ओळीत, म्हणजे लेखकाच्या नावाशी, ते अवघड होते. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून आणि विनोदी लेख 'बाळकराम' म्हणून. शिरवाडकरांची नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने आणि कविता 'कुसुमाग्रज' या नावाने. शीर्षकपृष्ठावर जे नाव तेच तालिकेत घेतले, तर एका माणसाचे लेखन तीन ठिकाणी विखुरते. सगळे एका नावाखाली आणले, तर 'गोविंदाग्रज' शोधणारा वाचक रिकाम्या हाती परततो. म्हणून एक नाव प्रमाण ठरवून दुसऱ्या नावाखाली 'पाहा' असा निर्देश द्यायचा, किंवा दोन्ही नावे ठेवून 'हेही पाहा' असे जोडायचे. ज्ञानेश्वर, तुकाराम यांची नोंद आडनावाने होत नाही, आणि अगदी अलीकडच्या लेखकाची मात्र आडनावानेच होते. रंगनाथन यांनी साहित्याच्या वर्गांकात लेखकाऐवजी त्याचे जन्मवर्ष घेऊन ही गुंतागुंत टाळली. १८८५ साली जन्मलेले गडकरी त्यांच्या पद्धतीत कोणत्याही नावाने लिहोत, 'एम८५' च राहतात.

संगणक आल्यावर हे प्रश्न संपले नाहीत, काहींची जागा बदलली. आता नोंद 'मार्क' या, संगणकाला वाचता येणाऱ्या तालिकानोंदीच्या आराखड्यात होते. त्यात १०० या क्षेत्रात लेखक, २४५ मध्ये ग्रंथनाम आणि ०८२ मध्ये ड्यूई वर्गांक लिहितात. देवनागरीचा वर्णानुक्रम हा येथे नवा पेच आहे. शाळेतल्या मुळाक्षरांत ळ, क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. शब्दकोशात क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये असतो. संगणकाच्या मूळ संकेतक्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आणि जोडाक्षरे सगळ्या काना-मात्रांच्या मागे पडतात, म्हणून 'ज्ञानेश्वर' हे 'जोशी' च्या नंतर दिसतात. यातला कोणता क्रम आपल्या ग्रंथालयाचा, हे आधी ठरवून प्रणालीला सांगावे लागते.

शुद्धलेखनाचा पेच याहून खोल आहे. १९६२ च्या नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या शीर्षकपृष्ठांवर 'नांव', 'कांहीं', 'गांव' अशी रूपे आहेत आणि ग्रंथनाम जसे छापले असेल तसेच उतरवून घ्यायचे, हा तालिकीकरणाचा पक्का नियम आहे. मग आजचा विद्यार्थी 'गाव' असे टंकून शोध घेतो आणि 'गांव' असलेली पुस्तके त्याला दिसतच नाहीत. यावर उपाय म्हणजे २४६ या क्षेत्रात ग्रंथनामाचे आजचे रूप जादा नोंदवणे. हे काम कोणताही संगणक आपणहून करत नाही. जुन्या मराठी संग्रहांच्या नोंदी करताना ते वगळले, तर पुस्तक कपाटात असूनही शोधणाऱ्यासाठी नसल्यासारखेच राहते.

[दृश्य: पुन्हा प्रशिक्षण वर्ग. फळ्यावर चार वर्गांक.]

वारीच्या पुस्तकाचा निकाल वर्गात बहुधा २९४.५ कडे लागतो. ३०६.६ मागणारे विद्यार्थीही चुकलेले नसतात, कारण ज्या ग्रंथालयात समाजशास्त्राचे अभ्यासक अधिक येतात तेथे तीच जागा सोयीची. निर्णय कोणताही असो, तो लिहून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी वारीवरचे दुसरे पुस्तक आले की ते त्याच फळीवर जाते. मागे पडलेले विषय तालिकेतील विषयनोंदींत येतात: समाजजीवन, प्रवासवर्णन, अभंग. त्यानंतर दाखल अंक (पुस्तक संग्रहात दाखल होताना मिळालेला क्रमांक), वर्गांक आणि ग्रंथांक पुस्तकाच्या आत व पाठीवर लिहिले जातात आणि पुस्तक मुक्तद्वार कपाटात जाते, जेथे सभासद स्वतः हाताने पुस्तके काढून पाहतात. अशा कपाटांजवळ अनेकदा एक सूचना लावलेली असते: 'पाहून झालेली पुस्तके फळीवर न ठेवता टेबलावर ठेवावीत.' ती शिस्तीसाठी आहे असे पुष्कळांना वाटते, पण खरे कारण वेगळे आहे. दोन फळ्या पलीकडे चुकून सरकवलेले पुस्तक तालिकेत 'उपलब्ध' असेच दिसत राहते, आणि ते पुढच्या ग्रंथपडताळणीपर्यंत कोणालाही सापडत नाही.