न्यायाधीशच खुनी? फ्रेंच गुन्हेकथा आणि मराठी सबटायटल

मंडळी, आजच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘फ्रेंच गुन्हेगारी मालिकेची समीक्षा’. तिकडे मी येणारच आहे. पण समीक्षेच्या आधी सबटायटल येतात. आपण बहुतेक जण फ्रेंच मालिका ऐकत नाही, वाचतो. त्या दोन ओळी कुणी लिहिल्या आणि कशावरून लिहिल्या हे विचारल्याशिवाय मालिकेला चांगलं-वाईट म्हणायचा अधिकार आपल्याला मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि आज ते मला तुमच्या गळी उतरवायचंच आहे.

‘आंग्रनाझ’ घेऊ. इथल्या अनेकांनी ती ‘स्पायरल’ या इंग्रजी नावानं पाहिली असेल. डिसेंबर २००५ मध्ये ‘कानाल प्लुस’ वाहिनीवर सुरू झाली, २०२० मध्ये संपली, आठ पर्वं झाली. जिची ही कल्पना, ती अलेक्सांद्रा क्लेर स्वतः फौजदारी वकील. म्हणून या मालिकेत पिस्तुलापेक्षा फाईल जास्त वेळा दिसते, आणि मला ती त्यासाठीच आवडते. लोर बेर्तो ही पोलीस अधिकारी मुख्य पात्र खरी, पण माझा जीव अडकलाय तो फ्रांस्वा रोबां या तपास न्यायाधीशात.

तपास न्यायाधीश ही आपल्याकडे नसलेली चीज आहे. नेपोलियनच्या काळापासून, म्हणजे १८०८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून चालत आलेली. गंभीर गुन्ह्यात तपासाची सूत्रं त्याच्या हाती असतात, पोलीस त्याच्या आदेशानं काम करतात, आणि आरोपीच्या विरुद्धचा पुरावा शोधणं जितकं त्याचं कर्तव्य, तितकंच आरोपीच्या बाजूचा पुरावा शोधणंही. सबटायटलमध्ये याला ‘मॅजिस्ट्रेट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रिमांड देणारं कोर्ट उभं राहतं. मग समीक्षक लिहितात, ‘न्यायाधीश घटनास्थळी फिरतो, हे पटत नाही’. अहो, फिरणं हीच त्याची नोकरी आहे!

आता मला नेहमी सांगावासा वाटणारा किस्सा. आंग्रनाझचा नव्हे, दुसऱ्या एका मालिकेचा. तिची मराठी सबटायटल मी केली होती. प्रसंग असा: न्यायाधीशाचं दालन, समोर आरोपी बाई, शेजारी तिचा वकील, बाजूच्या टेबलावर टंकलेखन करणारी लिपिक. तिकडची रीत अशी की आरोपी बोलते, न्यायाधीश ते नीट वाक्यात बसवतो आणि लिपिकेला तोंडी सांगतो. तेही आरोपीच्याच तोंडची भाषा घेऊन, ‘मी’ म्हणून. म्हणजे पुरुष न्यायाधीश शांतपणे सांगतोय, ‘मी साडेदहाला घरी आले. तो जमिनीवर पडलेला होता. मी घाबरून निघून गेले.’ मी तसंच लिहिलं, अवतरणचिन्हांत.

फाईल तपासणाऱ्या कार्यालयात कुणीतरी पाहिलं की पडद्यावर तर पुरुष बोलतोय. त्यांनी ‘आले’चं ‘आलो’ केलं, ‘गेले’चं ‘गेलो’ केलं आणि अवतरणचिन्हं काढून टाकली. मला विचारलं नाही. एका छोट्या खेळाला मी प्रेक्षकांत बसलो होतो. तिसऱ्या वाक्याला मागच्या रांगेतून एक काकू शेजारणीला म्हणाल्या, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं? हा न्यायाधीशच खुनी!’ पुढचा पाऊण तास त्या बाईंनी संपूर्ण वेगळी मालिका पाहिली, आणि त्यांची काहीच चूक नव्हती. माझा राग आजही गेलेला नाही. हसा, पण त्या काकूंनी परीक्षण लिहिलं असतं तर?

हे कसं होतं? बरीचशी सबटायटल फ्रेंचवरून होतच नाहीत. आधी इंग्रजी साचा तयार होतो, कुठली ओळ कधी दिसायची त्या वेळा ठरलेल्या असतात, आणि इतर भाषांचे अनुवादक तो साचा भरतात. इंग्रजीत ‘आलो’ आणि ‘आले’ एकच, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ही एकच. फ्रेंचमध्ये ‘तू-तुम्ही’चा भेद जिवंत आहे, मराठीत तर आहेच. बेर्तो आपल्या पथकातल्यांना अरे-तुरे करते आणि रोबांला अदबीनं ‘न्यायाधीश महोदय’ म्हणते. दोघांमधलं सगळं अंतर तिथे आहे. इंग्रजीच्या वाटेनं आलं की ते गळतं आणि मराठी अनुवादकाला अंदाजानं परत भरावं लागतं. दोन भाषांकडे जे आहे ते तिसरीनं मध्ये बसून का गाळावं? फ्रेंच येणारी मराठी माणसं आहेत. त्यांना मूळ संहिता द्या, चित्र द्या, बोलणाऱ्याचं नाव द्या.

अध्यक्षबाई घड्याळ दाखवताहेत, तेव्हा पुढे जातो.

तर समीक्षा, पाच मिनिटांत. ‘आंग्रनाझ’ पाहताना फ्रान्समधला उत्रो खटला माहीत हवा. बाललैंगिक अत्याचाराच्या त्या प्रकरणात १७ आरोपींपैकी १३ शेवटी निर्दोष ठरले. त्यातले शेवटचे सहा १ डिसेंबर २००५ ला, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच महिन्यात. काही जण वर्षानुवर्षं तुरुंगात होते. तपास न्यायाधीशाच्या एकट्याच्या हातातल्या सत्तेवर सारा देश चिडलेला असताना रोबां पडद्यावर आला. २००९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांनी हे पदच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला, पद टिकलं. फिलिप द्युक्लो या नटानं साकारलेल्या रोबांमध्ये जो हट्टी, एकाकी प्रामाणिकपणा आहे, तो या पार्श्वभूमीवर युक्तिवाद वाटतो, आणि मला तो पटतो.

मालिकेचं खरं बळ हे की पोलिसांनी नियम मोडला, की तो पुढे कुणाच्या तरी अंगावर येतो. चुकीच्या पद्धतीनं मिळवलेला पुरावा रद्द होतो, वकील तेवढ्यासाठी टपलेलेच असतात. आपल्याकडच्या पोलीसपटांत ठोसा मारला की विषय संपतो. इथे सुरू होतो.

दोष दोन, आणि दोन्ही गंभीर. पहिल्या पर्वात विद्रूप केलेलं स्त्रीचं प्रेत, पाचव्यात कालव्यात आई आणि मुलगी: बाईच्या मृतदेहावर कॅमेरा गरजेपेक्षा फार रेंगाळतो. दुसरा, पॅरिसच्या उपनगरांतली स्थलांतरित माणसं बरीच पर्वं संशयित म्हणूनच भेटतात, शेजारी म्हणून नाही. आठव्या पर्वात मोरोक्कोहून एकटी आलेली मुलं मध्यभागी येतात आणि प्रथमच त्यांची भीती आपल्याला आतून दिसते. पंधरा वर्षं उशिरा, पण दिसते. प्रश्न घेऊया.