भंगार ओळखा, मगच भट्टी पेटवा

नमस्कार, श्रोतेहो. परसात छोटी भट्टी मांडून, मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, भंगार वितळवून कप्प्या, मुठी, मूर्ती ओतणाऱ्या हौशी मंडळींसाठी आज बोलणार आहे. अनोळखी धातू मुशीत घालायचा नाही. पुन्हा सांगतो, अनोळखी धातू मुशीत घालायचा नाही.

लोखंडाला लोहचुंबक लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण स्टीलच्या बऱ्याच भांड्यांना तो लागत नाही, तेव्हा एकट्या चुंबकावर विसंबू नका. कानस मारून आतला रंग बघा. तांबं लाल दिसेल, पितळ पिवळं. पंचाईत होते ती पांढऱ्या धातूंची.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक वस्ताद होते, ओतकामात मुरलेले. एकदा एक कॉलेजकुमार त्यांच्याकडे पोतं घेऊन आला. म्हणाला, "काका, सगळं अ‍ॅल्युमिनियम आहे, ओतून द्या." वस्तादांनी भट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवलं आणि काटा शून्यावर आणला. मग एक तुकडा कोरडा तोलून, दोऱ्यानं बांधून पाण्यात बुडवला, तळाला टेकू न देता. काटा जेवढे ग्रॅम चढतो, तेवढे घनसेंटिमीटर त्या तुकड्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्यानं भागायचं.

पहिला तुकडा 270 ग्रॅमचा, काटा 100 चढला. भागाकार 2.7. "हे तुझं अ‍ॅल्युमिनियम." दुसरी दाराची मूठ. भागाकार साडेसहाच्या वर. "हे जस्त." तिसरं चेनसॉचं, म्हणजे लाकूड कापायच्या यंत्राचं, कवच, हाताला फारच हलकं. भागाकार 1.8. वस्ताद म्हणाले, "पोरा, लिंबू आण."

(लिंबानं, चिंचेनं पितळ लख्ख करणारी घरं आता विरळ झाली. आजीचे हंडे किलोच्या भावानं मोडीत घालतात, याचं मला फार वाईट वाटतं. कल्हई करून घ्या आणि वापरा!)

कवच कानशीनं जरा घासलं, त्यावर लिंबू पिळलं, आणि रस फसफसून आला. अ‍ॅल्युमिनियमवर असं होत नाही. हे मॅग्नेशियम. वस्तादांनी त्याचा चिमूटभर कीस उघड्यावर, कोरड्या पत्र्यावर दुरून पेटवला. डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडला. "आता यावर पाणी मारशील?" पोरगा पटकन म्हणाला, "हो." वस्ताद म्हणाले, "मग हायड्रोजन सुटेल आणि आग भडकेल. असलं एक कवच मुशीत गेलं असतं, तर?" पोरानं पोतं तिथंच ओतलं आणि संध्याकाळपर्यंत बसून एकेक तुकडा तोलला. वस्तादांनी त्याला चहा पाजला, पण भट्टी त्या दिवशी पेटवलीच नाही.

गोष्टीत वेळ गेला, तेव्हा बाकीचं भराभर सांगतो. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, जस्त 420 च्या आसपास. जस्त फार तापलं, किंवा जस्ताचा मुलामा असलेला पाइप आगीत गेला, की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायल्यानं हे टळत नाही. उघड्यावर काम करा आणि धुराकडे तोंड करू नका. शिशाच्या धुरापासून तर लहान मुलांना कटाक्षानं लांब ठेवा.

आणि पाणी! वितळलेल्या धातूखाली पाण्याचा थेंब सापडला, तर त्याची क्षणात वाफ होते आणि धातू अंगावर उडतो. म्हणून भंगार, साचा, पळी, सगळं आधी तापवून कोरडं करा. शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखा बंद नळकांडा भट्टीत कधीच टाकू नका. काँक्रीटवर ओतू नका, खाली कोरडी वाळू पसरा. अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, डोळ्यांवर चष्मा आणि चेहऱ्यावर जाळी हवी. नायलॉन नको.

ओतलेली वीट थंड झाली की छिन्नीनं तिच्यावर धातूचं नाव कोरा. पुढच्या खेपेला ओळखायचे कष्ट वाचतील. नमस्कार.