गोजिऱ्याच्या पोटात कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

सिनेमाबद्दल रेडिओवरून बोलायचं म्हणजे फोनवरून आमटीची चव सांगण्यातला प्रकार. पण आज माझी तशी अडचण नाही, कारण मला सुरुवातच एका आवाजापासून करायची आहे.

कॉन्ट्राबास नावाचं एक वाद्य असतं. व्हायोलिनच्या कुटुंबातलं सगळ्यात दांडगं, उभ्या माणसाहून उंच. १९५४ साली टोकियोत काही माणसांनी या वाद्याच्या तारा सैल केल्या, एका चामड्याच्या हातमोज्याला राळ फासली आणि तो हातमोजा तारांवरून खसकन ओढला. मग तो आवाज ध्वनिफितीवर संथ करून ऐकला. संगीतकार अकिरा इफुकुबे यांची ही कल्पना. गॉडझिलाची डरकाळी म्हणून जगभर जी ओळखली जाते ती हीच. कुठलाही प्राणी त्यात नाही, आहे तो एक हातमोजा.

आपण गॉडझिला म्हणतो, पण जपानीत त्याचं नाव गोजिरा. हो, गोजिरा. गोरिला आणि कुजिरा, म्हणजे देवमासा, हे दोन शब्द एकमेकांत कालवून केलेलं. आपल्याकडे साजिऱ्या-गोजिऱ्या बाळाला जे विशेषण लावतात ते नाव तिकडे अख्खं शहर तुडवणाऱ्याला मिळालं आहे. मला तर तेव्हापासून त्याला गॉडझिला म्हणवत नाही.

माझी त्याची पहिली ओळखही तशी गोजिरीच. मुलासाठी दादरच्या फुटपाथवरून घेतलेलं एक हिरवं रबरी खेळणं, पोट दाबलं की चिं करणारं. त्यामुळे एका फिल्म क्लबात मूळचा कृष्णधवल चित्रपट दाखवणार असं कळलं तेव्हा मी हसायच्या तयारीनेच गेले. आजूबाजूचेही तसेच. पहिल्या दहा मिनिटांतच लोकांच्या हातातली शेंगदाण्याची पुडी वाजायची थांबली.

त्या चित्रपटात आधी राक्षस दिसतच नाही. दिसते एक बोट. डेकवर खलाशी निवांत बसले आहेत, कुणी गिटार वाजवतोय, कुणी माउथ ऑर्गन. अचानक समुद्रात डोळे दिपवणारा उजेड होतो, आग लागते आणि बोटीचा बिनतारी यंत्रवाला धडपडत संदेश पाठवत राहतो. जपानी प्रेक्षकाला हे काय आहे ते सांगावं लागलं नाही. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती. ट्यूना मासे पकडायला गेलेल्या एका जपानी बोटीवर त्या स्फोटाची पांढरी राख पडली. बोटीचं नाव होतं ‘भाग्यवान ड्रॅगन’, आणि तिच्यावर २३ जण होते. परत येईपर्यंत सगळे आजारी पडले होते, आणलेली मासळी पुरून टाकावी लागली. २३ सप्टेंबरला त्यांच्यातला पहिला माणूस गेला, आयकिची कुबोयामा. तो बोटीवरचा रेडिओ ऑपरेटर होता. त्यानंतर ४१ दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, गोजिरा पडद्यावर आला. ९६ लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली.

दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैनिक होते. युद्ध संपल्यावर घरी परतताना ते हिरोशिमातून गेले होते. ते ठाऊक असलं की या चित्रपटातलं टोकियो वेगळं दिसायला लागतं. लोकलमध्ये उभी असलेली एक बाई वैतागून म्हणते, नागासाकीतून कशीबशी जीव वाचवून आले आणि आता हे! जळत्या इमारतीच्या आडोशाला एक आई पोरांना कवटाळून बसली आहे आणि त्यांना समजावतेय, आता आपण बाबांकडे जाणार हं. बाबा कुठे आहेत ते ती सांगत नाही. १९५४ च्या जपानमध्ये ते विचारायची गरजही नव्हती.

आता त्या राक्षसाच्या पोटाकडे वळू. स्पेशल इफेक्ट्सचे उस्ताद एजी त्सुबुराया यांना खरं तर बाहुली वापरायची होती. एकेक फ्रेम घ्यायची, बाहुली केसभर हलवायची, पुन्हा फ्रेम घ्यायची. अमेरिकेतल्या ‘किंग काँग’ने, १९३३ साली, तसंच केलं होतं. तो काँग म्हणजे पोलादी सांगाडा, रबर आणि वरून सशाची फर, उंची जेमतेम दीड फूट. नीट पाहाल तर त्याचे केस वाऱ्याशिवाय लवलवताना दिसतात. ते प्रत्येक फ्रेमला बाहुली हलवणाऱ्यांच्या बोटांचे ठसे आहेत. मला ही चूक चित्रपटातल्या सगळ्या करामतींपेक्षा जास्त आवडते. तर, त्सुबुरायांनी हिशेब केला आणि म्हणाले, आपल्या माणसांनिशी याला सात वर्षं लागतील. हातात काही महिने होते. मग राक्षसाच्या कातडीत माणूस घालायचं ठरलं.

तो माणूस म्हणजे हारुओ नाकाजिमा, मारामारीची कामं करणारा छोटा नट. रबराचा पहिला पोशाख जवळजवळ १०० किलोचा झाला. तो घालून काही पावलं टाकली की नाकाजिमा आडवे. शेवटी त्याचे दोन तुकडे केले आणि नुसते पाय दाखवायचे तेव्हा खालचा अर्धा भाग वापरला. चित्रीकरण संपलं की आतून घाम निथळायचा. हा गृहस्थ राक्षसाची चाल शिकायला प्राणिसंग्रहालयात जाऊन तासन्‌तास हत्ती आणि अस्वलं बघत बसायचा. पाय उचलताना तळवा दिसू द्यायचा नाही, हे तो तिथे शिकला. गोजिऱ्याची चाल जड वाटते ती त्यामुळे, आणि अर्थात १०० किलोंमुळेही.

रेडिओवर बोलणाऱ्या माझ्यासारखीला एक प्रसंग विसरता येत नाही. एका मनोऱ्यावरून वार्ताहर सगळ्या जपानला हा हल्ला सांगत असतात. गोजिरा मनोऱ्याकडे येतो, मनोरा हलायला लागतो, आणि निवेदक माइक सोडत नाही. हात कठड्यावर आवळतो आणि बोलत राहतो, आता त्याने मनोरा धरला, आता शेवट, श्रोतेहो, सायोनारा. मनोरा कोसळतो.

दोन वर्षांनी अमेरिकेने हा चित्रपट घेतला आणि त्यात आपला एक नट, रेमंड बर, वार्ताहर म्हणून चिकटवला. बॉम्बचे बरेचसे उल्लेख कापले. जगाने बराच काळ पाहिला तो हा शेपूटतोडका गोजिरा. तुम्ही पाहाल तेव्हा जपानीच शोधा.

राक्षसाच्या पोटात कोण, हा खेळ एकदा लागला की थांबवता येत नाही. जर्मनीत १९२० साली पाउल वेगेनर यांनी ‘गोलेम’ केला. प्रागच्या यहुदी वस्तीतली कथा. धर्मगुरू मातीचा माणूस घडवतो, छातीवर मंत्राचा तारा बसवतो आणि तो चालू लागतो. मातीच्या पोटात स्वतः दिग्दर्शक वेगेनर. सगळ्यांना धूळ चारणाऱ्या त्या धिप्पाड पुतळ्याला शेवटी कोण संपवतं? एक लहान मुलगी. तो तिला कडेवर घेतो, ती त्याला सफरचंद देऊ करते आणि खेळता खेळता छातीवरचा तारा उपटते.

११ वर्षांनी हॉलिवूडमध्ये पुन्हा एक राक्षस आणि पुन्हा एक छोटी मुलगी. ‘फ्रँकेन्स्टाइन’, साल १९३१. तळ्याकाठी दोघं फुलं पाण्यात सोडतात. फुलं तरंगतात. त्याला इतका आनंद होतो की विचारू नका. त्याच्या हातातली फुलं संपतात, आणि मग तो हात तिच्याकडे वळतात. सेन्सॉरने पुढचं कापलं. आणि कापल्यावर ते जास्तच भयंकर झालं, कारण मुलीच्या दिशेने गेलेले हात एवढंच उरलं, बाकी प्रेक्षकाने आपापल्या मनाने पुरं केलं. कित्येक दशकांनी तो तुकडा परत जोडला, तेव्हा कळलं की त्याला वाटलं होतं, तीही तरंगेल.

सुरुवातीच्या श्रेयनामावलीत या राक्षसाच्या नटाचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. नट होते बोरिस कार्लोफ. नाव रशियन वाटतं, पण माणूस लंडनचा, खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील हिंदुस्थानात मीठ खात्यात नोकरीला होते. आणि आजीची सख्खी बहीण म्हणजे ॲना लिओनोवेन्स, सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली ती प्रसिद्ध बाई. ॲनाचा जन्म कुठला? अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, १८३१ सालचा. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचं आजोळ खणत गेलं की पाळंमुळं नगरच्या छावणीत निघतात. तिथल्या कुणी अजून यावर हक्क सांगितलेला दिसत नाही!

‘नोस्फेराटू’बद्दल एवढंच सांगते, की १९२२ च्या या जर्मन चित्रपटाने ‘ड्रॅक्युला’ कादंबरी परवानगी न घेता उचलली होती. लेखकाची विधवा कोर्टात गेली, कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं, आणि काही प्रती तरीही निसटल्या. उन्हाने पिशाच्च मरतं हे आपण पुराणकाळापासूनचं समजतो, ते या चित्रपटाने आणलेलं आहे. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो.

उत्तर कोरियाच्या ‘पुलगासारी’त तर राक्षसापेक्षा दिग्दर्शकाची गोष्ट जास्त अंगावर येते. दक्षिण कोरियाचे नामवंत दिग्दर्शक शिन सांग-ओक आणि त्यांची पूर्वीची पत्नी, अभिनेत्री चोई उन-ही, यांना १९७८ साली पळवून नेलं. उत्तर कोरियाच्या हुकूमशहाचा मुलगा किम जोंग-इल याला चांगले चित्रपट हवे होते म्हणून. पळायचा प्रयत्न केला तेव्हा शिनना तुरुंगात टाकलं, आणि बाहेर काढलं ते चित्रपट करायलाच. १९८५ च्या ‘पुलगासारी’त कैदेत असलेला एक लोहार भाताची बाहुली वळतो. त्याची मुलगी शिवत असते, सुई टोचते, रक्ताचा थेंब बाहुलीवर पडतो आणि ती जिवंत होते. आधी सुई खाते. मग कड्या, कुलपं, तलवारी, तोफा, जे लोखंड दिसेल ते. खाईल तेवढी वाढते. शेतकऱ्यांच्या बाजूने लढून राजाला चिरडते. पण राजा गेल्यावर तिची भूक कुठे जाणार? ती शेतकऱ्यांचे नांगर खायला लागते. यात किम घराण्याला टोमणा आहे की नाही, यावर लोक वाद घालतात. मला विचाराल तर नांगराकडे बघणारं ते गाव एकदा बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा. राक्षसाच्या पोटात होते जपानहून बोलावलेले केनपाचिरो सात्सुमा, १९८४ चा गोजिराही त्यांनीच केला होता. शिन आणि चोई १९८६ साली व्हिएन्नात पहारेकऱ्यांना गुंगारा देऊन अमेरिकी वकिलातीत शिरले.

आणि आता आपल्या जवळची एक. मलायाची पोंतियानाक. बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत, मोकळे केस, पांढरे कपडे, केळीच्या झाडात वस्ती. मानेमागे खिळा ठोकला की तिची सुंदर, साधी बाई होते, खिळा निघाला की पुन्हा तीच. कोकणातल्या, गावाकडच्या श्रोत्यांनी एव्हाना ओळखलं असेल. आपल्याकडे हिला अळवंत म्हणतात. हडळ, जखीण, मुंजा, खवीस, देवचार, अशी आपली यादी काही लहान नाही, आणि मेलेल्या बाळंतिणीसाठी त्यात वेगळं नाव आहे.

सिंगापूरमध्ये १९५७ साली ‘पोंतियानाक’ निघाला. दिग्दर्शक भारतातून तिकडे गेलेले बी. एन. राव, आणि भुताच्या आत मारिया मेनादो, त्या काळची देखणी नटी. चित्रपट तुफान चालला, वर्षभरात आणखी दोन भाग आले. यांतला तिसरा आज पाहता येतो. पहिले दोन नाहीत. निर्मात्याने त्यांच्या प्रती खाणीच्या पडीक तळ्यात टाकून दिल्या असं सांगतात.

माझी आजी सांजवेळी आम्हाला अंगणाबाहेर सोडत नसे. म्हणायची, “तिन्हीसांजेक बावीकडे जाव नको, थंय गिरो आसा.” गिरो म्हणजे पाण्यातलं भूत. तिला ही तळ्याची हकीकत सांगायला हवी होती. तिने पानाला चुना लावता लावता एवढंच म्हटलं असतं, “मगे? गिरो पाण्यातच रवता.”