पेटीचा गंधार

रसिकहो, आयुष्यभर जोपासलेल्या छंदावर बोलावे, असे या वाचनालयाने मला सुचवले, तेव्हाच मी ठरवले की छंदाचे गुणगान करायचे नाही, तर ज्या एका स्वराने मला इतकी वर्षे या छंदात धरून ठेवले, त्याच्याविषयी बोलायचे. तो स्वर म्हणजे पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, शुद्ध गंधार, सा-रे-ग यांतला ग. नवव्या वर्षी वडिलांच्या भजनी मंडळातील पेटीचा भाता मी पहिल्यांदा हाती धरला, आणि आज एकाहत्तराव्या वर्षी माझ्या घरी एक हातपेटी, एक पायपेटी आणि एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे. या तिन्ही वाद्यांवर मी सर्वांत अधिक वेळ घालवला असेल, तर तो या एका स्वराशी.

पेटीत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक बारीक जीभ असते. पट्टी दाबली की भात्यातील हवेला वाट मिळते, जीभ थरथरते आणि स्वर उमटतो. जिभेची लांबी आणि जाडी ठरलेली असल्यामुळे तो स्वरही ठरलेला असतो. आता सप्तकाचे बारा सारखे भाग केले आणि प्रत्येक भागाला १०० सेंट मानले, तर षड्जापासून, म्हणजे सा पासून, गंधार ४०० सेंटांवर येतो. तंबोऱ्याचा खर्ज नीट जुळलेला असेल, तर त्याच्या नादातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो मात्र ३८६ सेंटांवर असतो. म्हणजे पेटीचा गंधार १४ सेंटांनी चढा. पंचमात, म्हणजे प मध्ये, हा फरक जेमतेम २ सेंटांचा असल्याने तो कानाला खुपत नाही. पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, तिचा मधला षड्ज धरून त्यावर गंधार दाबला, तर दोन्ही नाद नीट न जुळल्याने आवाजात सेकंदाला सुमारे दहा चढउतारांच्या लहरी उठतात. घरी रात्री, पंखा बंद करून, कान पेटीच्या लाकडाजवळ नेऊन ऐकल्यास त्या मोजता येत नाहीत, पण एक बारीक थरथर स्पष्ट जाणवते, आणि एकदा ती जाणवली की पुन्हा कधी लपत नाही.

युरोपात पाश्चात्त्य संगीतासाठी घडलेले हे वाद्य कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्यासारख्यांच्या हाती मांडी घालून वाजवण्याजोगे झाले, आणि आपल्याकडे कीर्तन, भजन, नाटक यांत असे मुरले की परके वाटेनासे झाले. तरीही १९४० साली आकाशवाणीने या पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागा, नाहीत, हे आक्षेप खरे होते, ते मी नाकारत नाही. पण याच वाद्यावर गोविंदराव टेंबे यांनी आपली प्रतिभा उभी केली आणि पुढे आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी साथीला कलेची उंची दिली. दोष वाद्यात असला, तरी तो ऐकण्याची आणि त्यावर उपाय शोधण्याची जबाबदारी वाजवणाऱ्याची आहे, असे मला त्यांच्या वादनातून कळले.

तिशीत असताना मी हा उपाय कानसाने करायला निघालो. जीभ टोकाशी घासली की हलकी होऊन स्वर चढतो, आणि मुळाशी घासली की मऊ पडून स्वर उतरतो. तेव्हा पांढरी तीनची, म्हणजे त्या गंधाराची, जीभ मी मुळाशी घासत गेलो. दोन-चार हात मारायचे, जीभ परत बसवायची, षड्जाबरोबर ऐकायचे, असे करत दुपारभरात ती थरथर जवळजवळ नाहीशी झाली, आणि त्या दिवशी भूप वाजवताना मला जो आनंद झाला, तो आजही आठवतो. पुढच्याच आठवड्यात मंडळात गायला आलेल्या बाईंनी पांढरी सहा मागितली, म्हणजे सहाव्या पांढऱ्या पट्टीला षड्ज धरायला सांगितले. त्या पट्टीत माझी घासलेली पांढरी तीन पंचम झाली, आणि १४ सेंट उतरलेला पंचम सभेत कोणालाही चुकवता येत नाही. बाई काही बोलल्या नाहीत, पण मी ती सगळी बैठक पंचम टाळत काढली. ठरलेल्या स्वराचे गणित एका षड्जापुरतेच सोडवता येते, हे मला पुस्तकाने नव्हे, त्या पंचमाने शिकवले.

कीबोर्डने ही अडचण बरीच दूर केली. माझ्या कीबोर्डात प्रत्येक स्वर सेंटांच्या हिशेबाने हलवता येतो, त्यामुळे यमन बांधताना गंधार खाली, धैवतही खाली, असे लावून मी रात्री-अपरात्री हेडफोन लावून चाली रचतो. डाव्या हाताशी असलेल्या चाकाने स्वर ओढता येतो, म्हणजे पेटीला न जमणारी मींडही थोडीफार साधते. मात्र चाक फिरवले की दाबलेले सगळेच स्वर एकदम सरकतात, म्हणून मींड घेताना षड्ज धरून ठेवता येत नाही आणि तंबोरा वेगळा लावावा लागतो. या रचना मी कोठे सादर केल्या नाहीत. त्या रचताना कान जे शिकतो, ते दुसऱ्या दिवशी पेटीवर उपयोगी पडते, आणि मला त्यांचे मोल तेवढे पुरते.

आजही दर गुरुवारी भजनात माझी पेटी असते. गायक गंधारावर थांबला की मी ती पट्टी सोडतो आणि षड्ज-पंचम हलके धरून ठेवतो. तो पुढे सरकला की पुन्हा त्याच्या मागे जातो. कित्येक वर्षे हे कोणाच्या लक्षात आले नसावे, अशी माझी समजूत होती. मागच्या वर्षी भजन संपल्यावर आमचे वयोवृद्ध बुवा पेटीपाशी येऊन बसले, पांढरी तीनवर बोट ठेवून म्हणाले, "या गंधारावर तू हात उचलतोस ना, तेव्हा मला मोकळं वाटतं बघ."