जोर आट्याच्या मुळाशी असतो

मंडळी, विषय आहे जास्त ओढ सोसणाऱ्या बोल्टला कुठले आटे, म्हणजे थ्रेड, घ्यायचे. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये ज्याने हात काळे केलेत त्याला आटे म्हणजे काय ते सांगायला नको. हा तुटलेला स्टड, म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, मागेपर्यंत पास करा, फक्त तुटलेल्या तोंडाला बोट लावू नका, गंज चढला की त्यातलं काही वाचता येत नाही.

अंबडच्या एका शॉपमधल्या प्रेसचा आहे हा. आधी एम २४ चे, म्हणजे २४ मिमी व्यासाचे नेहमीचे व्ही आट्यांचे स्टड होते, लेथवरच आटे पाडलेले, ते तुटायचे. मग कुणीतरी म्हणालं व्ही आटे नाजूकच असतात, जॅकला बघा कसे दणकट असतात, तसे पाडा. झालं, २४ चे ट्रॅपेझॉइडल, म्हणजे जॅकसारखे सपाट माथ्याचे जाड आटे पाडले, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर ५ मिमी, आणि ते आधीपेक्षा लवकर गेले! नाशकात हा सल्ला अजून दिला जातो आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण आटा जाड झाला तो दांडा खाऊनच ना? एम २४ ला आट्याच्या तळाशी २०.३ मिमी व्यास उरतो, ह्याला १८.५. ओढ घेणार तो गाभा आणि तोच बारीक केला. जॅकचा स्क्रू फिरवून वजन उचलायला असतो, तिथे घर्षण कमी हवं म्हणून आट्याच्या बाजू उभ्या ठेवतात. बांधून ठेवायच्या बोल्टला घर्षण हवंच असतं, ते ६० अंशाच्या व्ही आट्यात जास्त मिळतं.

आता तोंड बघा. नटमध्ये शिरणाऱ्या पहिल्या आट्याशीच तुटलाय, कारण सगळे आटे भार सारखा वाटून घेत नाहीत, पहिला एकटाच साधारण एक तृतीयांश घेतो. एक बाजू गुळगुळीत, लाट ओसरल्यावर वाळूत राहतात तशा रेघा, बाकी सगळं खडबडीत. म्हणजे भेग हळूहळू सरकत गेली आणि उरलेला भाग एका झटक्यात गेला. सुरुवात कुठे? मुळाशी, टूलने टोकदार कोपरा सोडलाय तिथे. आधीचे एम २४ पण असेच पाडलेले, त्यांचं दुखणं हेच.

पाच मिनिटं राहिली म्हणताय, बरं, पटापट सांगतो. मुळाला गोलाई हवी, ८.८ आणि त्यावरच्या ताकदीच्या ग्रेडच्या बोल्टला कमीत कमी पिचच्या ०.१२५ पट. ओझरला विमानं बनतात, त्या धंद्यातल्या एमजे आट्यांना ती ०.१५ ते ०.१८ पट असते. आटे कापू नका, रोल करून घ्या, म्हणजे साच्यात दाबून उठवून घ्या, मुळाशी धातू दाबला जातो आणि भेग सहज सुरू होत नाही, हीट ट्रीटमेंटनंतर रोल केले तर अजून चांगलं. बारीक पिचने ओढ घेणारं क्षेत्रफळ वाढतं, एम १२ ला १.७५ पिचवर ८४.३ चौ. मिमी, १.२५ वर ९२.१, पण ॲल्युमिनियममध्ये टॅप मारायचा असेल तर जाड पिचच घ्या, नाहीतर आटे उपटून येतील. ओढ एकाच दिशेने असेल तर बट्रेस, म्हणजे एक बाजू उभी आणि दुसरी तिरकी असलेला आटा, चालतो. आणि बोल्ट टॉर्क देऊन नीट आवळा, ढिल्या बोल्टवर प्रेसचा प्रत्येक ठोका पूर्ण येतो.

गो-नोगो गेज, म्हणजे माप बसतं की नाही एवढंच सांगणारं गेज, मुळाची गोलाई दाखवत नाही हे लक्षात घ्या, ती आट्याची मोठी सावली पडद्यावर पाडणाऱ्या प्रोफाइल प्रोजेक्टरवर दिसते, तेव्हा ऑर्डर देताना ड्रॉइंगवर 'रोल्ड' लिहा आणि पहिल्या लॉटमधला एक बोल्ट उभा कापून बघा.