गोदाम कुणाच्या घरी?

(दृश्य: पहाट. उंच छत, सिमेंटची उघडी जमीन. फोर्कलिफ्ट एक लाकडी पॅलेट घेऊन येते.)

हे पॅलेट नीट बघून घ्या. कारखान्यात यावर खोकी रचली, भोवती प्लॅस्टिक गुंडाळलं, ट्रकमध्ये चढवलं. आता ते इथं जमिनीवर टेकेल, प्लॅस्टिक फाडलं जाईल, की झालं दुकान तयार! एकेक डबा पुसून फळीवर मांडत बसायची भानगड नाही. मान वर करा. त्याच रॅकच्या वरच्या कप्प्यांत उद्याचा माल ठेवलाय. गिऱ्हाईक थेट गोदामात शिरलंय, आणि शिरण्यासाठी त्यानं वर्षाची वर्गणी भरलीय.

याला म्हणतात वेअरहाउस क्लब.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. सॅन डिएगो.)

सुरुवात १९७६ सालची. सॉल प्राइस या वकिलानं कॅलिफोर्नियात सॅन डिएगो इथं, पूर्वी जिथं विमानांचं काम चाले अशा इमारतीत ‘प्राइस क्लब’ उघडला. वर्गणी वर्षाला २५ डॉलर. एक गोष्ट इथंच लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. सुरुवातीला हा क्लब घरगुती गिऱ्हाइकांसाठी नव्हताच. छोटे दुकानदार, उपाहारगृहवाले, कचेऱ्या चालवणारे, असे लोक सभासद होते. माल पोत्यानं न्यायचा आणि आपल्या मागच्या खोलीत ठेवायचा, हे त्यांचं रोजचंच काम. घरची मंडळी आली ती नंतर.

१९८३ मध्ये वॉलमार्टवाल्या सॅम वॉल्टन यांनी अमेरिकेतल्याच ओक्लाहोमात ‘सॅम्स क्लब’ काढला. त्याच वर्षी सिएटलमध्ये ‘कॉस्टको’ सुरू झालं. त्याच्या दोन संस्थापकांपैकी जिम सिनेगल हे सॉल प्राइस यांच्याच हाताखाली तयार झालेले. पुढं १९९३ मध्ये गुरूचा क्लब आणि शिष्याची कंपनी एक झाली.

(दृश्य: सभासद-कार्ड यंत्रावर टेकवणारा हात.)

आता पैशाचं बघू. कॉस्टकोचा जुना दंडक आहे: नावाजलेल्या ब्रँडच्या मालावर साधारण १४ टक्के आणि ‘कर्कलंड’ या स्वतःच्या ब्रँडवर १५ टक्के, यापुढं भाव चढवायचा नाही. इतक्यात पगार, वीज, वाहतूक भागवायची. मग कमाई कशात? वर्गणीत. २०२४ च्या आर्थिक वर्षात कंपनीला वर्गणीतून सुमारे ४.८ अब्ज डॉलर मिळाले, आणि त्या वर्षाचा व्यवसायातला नफा होता साधारण ९.३ अब्ज.

मला या धंद्यातली ही गोष्ट मनापासून आवडते. पुढच्या वर्षी तुम्ही कार्ड नवं केलं नाहीत तर दुकानदाराची कमाई बुडते, म्हणून त्याला भाव रास्त ठेवावाच लागतो. वस्तू परत घेताना तो कटकट करत नाही, त्याचंही कारण हेच. पटलं नाही तर वर्गणीसुद्धा परत मिळते.

(दृश्य: खाद्यपदार्थांचा काउंटर. हॉट डॉग आणि पेयाचा कागदी पेला.)

आणि हा हॉट डॉग. सोबत पेय, किंमत दीड डॉलर. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत हा भाव हललेला नाही. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. पण आवळा गोड आहे, हे मान्य करायला हवं.

(दृश्य: बरण्यांची रांग. एका बरणीवर कॅमेरा थांबतो.)

स्वस्ताईची कारणं अशी बारीकसारीक आहेत. काजूची बरणी चौकोनी का? पूर्वी ती गोल होती. गोल बरण्यांच्या मधे हवा राहते आणि त्या हवेचंही ट्रकभाडं पडतं. चौकोनी केल्यावर एका पॅलेटवर जास्त मावल्या, ट्रकच्या फेऱ्या वाचल्या. तसंच वाणांचं. मोठ्या सुपरमार्केटात तीस-तीस हजार प्रकारचा माल असतो. इथं सुमारे ४,०००. एकेका वस्तूचा खप प्रचंड, म्हणून कारखानदाराशी घासाघीस करता येते. तुम्हाला मात्र केचपचे दोनच प्रकार मिळतील. त्यातला एकही आवडता नसेल, तर विषय संपला.

(दृश्य: रिकामी ट्रॉली भरत जाते, वेगवान चित्रण.)

कुठल्या रांगेत काय आहे हे सांगणाऱ्या पाट्या कॉस्टकोत लावत नाहीत. विसरल्या नाहीत, मुद्दाम लावत नाहीत. दूध आणि अंडी पार मागच्या टोकाला. तिथवर जाताना वाटेत टीव्ही, तंबू, जाकिटं. आज दिसलेलं जाकीट पुढच्या आठवड्यात असेलच असं नाही, हे नेहमी येणाऱ्याला पाठ असतं, म्हणून तो लगेच उचलतो. अंडी आणायला गेलेला माणूस तंबू घेऊन घरी येतो, तो असा.

वर्गणीचा हिशेब त्या मानानं सोपा. अमेरिकेत कॉस्टकोचं साधं कार्ड ६५ डॉलरचं, म्हणजे महिन्याला साडेपाच डॉलरच्या आत. गाडीत पेट्रोल कॉस्टकोच्याच पंपावर भरणाऱ्याचे एवढे सुटतातही. वरच्या दर्जाचं कार्ड १३० चं. त्यावर खरेदीचे २ टक्के परत मिळतात. जादा भरलेले ६५ डॉलर वसूल व्हायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी लागते. महिन्याला २७० डॉलरच्या वर खर्च होत नसेल, तर साधं कार्ड पुरे.

(दृश्य: घर. स्वयंपाकघराचं उघडं कपाट.)

खरा हिशेब मात्र इथं, घरात लागतो. समजा, शंभराचा माल सत्तरला मिळाला. तीस वाचले. पण त्यातला एक तृतीयांश सडला, खवट झाला, नाहीतर कंटाळा आला म्हणून टाकला. म्हणजे सत्तर मोजून वापरला सदुसष्टचा माल. कोपऱ्यावरच्या महाग दुकानापेक्षाही महाग पडला. मीठ, साखर, साबण, कागदी रुमाल, डायपर यांचं असं होत नाही. ते बिनधास्त मोठ्या मापात घ्यावेत. तेल, पीठ, मसाले, सुका मेवा यांची गोष्ट वेगळी. दळलेल्या मसाल्याचा मोठा डबा दिसतो भारी, पण तो अर्ध्यावर येईपर्यंत वास उडालेला असतो.

(दृश्य: ओट्यावर खाण्याच्या सोड्याची प्रचंड पिशवी. शेजारी एक चहाचा चमचा.)

ही साडेतेरा पौंडांची पिशवी. सहा किलोच्या वर खाण्याचा सोडा. केकला लागतो एक चमचा! धुण्याभांड्याला वापरणार असाल तर ठीक, नाहीतर ही पिशवी नातवंडांच्या वाट्याला येईल.

आता तो सुरुवातीचा दुकानदार आठवा. त्याच्याकडे मागची खोली होती, आणि माल आठवड्यात संपवणारी गिऱ्हाइकं होती. क्लबानं स्वतःची मागची खोली काढून टाकली, म्हणून भाव उतरला. पण माल कुठंतरी राहणारच. तो आता तुमच्या पलंगाखाली राहतो. त्या जागेचं भाडं तुम्ही भरता, जादा फ्रीजरचं वीजबिल तुम्ही भरता, आणि हे कुठल्याच पावतीवर येत नाही. पाच-सहा जणांच्या घरात, जिथं दोन किलो चीज टिकतच नाही, तिथं हा प्रश्न उद्भवत नाही. एकट्या माणसानं मात्र शेजाऱ्याशी वाटणी ठरवूनच ट्रॉली ढकलावी.

(दृश्य: बाहेर पडायचं दार. कर्मचारी पावती बघतो, ट्रॉलीकडे नजर टाकतो, पेननं रेघ ओढतो.)

दारातली ही रेघ म्हणजे शेवटची तपासणी. पावतीवर दोनदा काही लागलं असेल, तर तेही इथं पकडलं जातं. पुढं वाहनतळ.

(दृश्य: गाडीची डिकी. एक बाई तीस रोलचा टॉयलेट पेपरचा गठ्ठा आडवा घालून बघते, मग उभा, मग पुन्हा आडवा. शेवटी मागची सीट पाडते. सीटवरचा मुलगा उतरतो आणि पुढं जाऊन बसतो.)