मामलतदारांच्या अंगात बुरशी: मेंदूचा नाद आता तरी सोडा

नमस्कार मंडळी. बडोद्यात सकाळपासून पाऊस धरलाय. पत्र्यावरचा आवाज मधे मधे येईल, तेवढा चालवून घ्या. हा व्हिडिओ मी आता आणखी पुढे ढकलू शकत नाही.

विज्ञानकथा कशी लिहायची यावर आपण गेल्या दिवाळीपासून बोलतोय. तेव्हापासून तुम्ही पाठवलेल्या कथांत सगळ्यात जास्त वेळा आलेली कल्पना एकच. परग्रहावरचा राजदूत येतो, तो असतो बुरशी, आणि इथल्या एखाद्या सरकारी अधिकाऱ्याच्या शरीरात तो गुपचूप राहतो. कोणी कलेक्टर घेतं, कोणी महापालिकेचा आयुक्त. आपल्या गुजरातेतली मंडळी मामलतदार घेतात आणि मला तोच सगळ्यात आवडतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जमिनीची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या, सगळं त्याच्या टेबलावर येतं. ज्याला माणूस समजून घ्यायचाय, त्या राजदूताला याहून चांगली खुर्ची मिळायची नाही. कल्पना उत्तम आहे. हे आधीच सांगते, कारण मागच्या वेळी मी चुका दाखवल्या तेव्हा दोघा-तिघांनी लिहिणंच थांबवलं. तसं करू नका.

आता पायाभूत गोष्टी पटकन. बुरशी ही वनस्पती नाही. नात्याने ती प्राण्यांना जास्त जवळची. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, तेच खेकड्याच्या आणि किड्यांच्या कवचात असतं. मशरूम हे तिचं फळ. खरं शरीर म्हणजे खाली पसरलेलं बारीक तंतूंचं जाळं. झालं. हे शाळेत होऊन गेलंय.

हे बघा.

(काचेचा डबा कॅमेऱ्याजवळ धरून)

चार दिवसांपूर्वीचा पाव. सेवउसळीतून उरलेला, मुद्दाम ठेवला होता. दुसऱ्या दिवशी इथे कडेला पिंजलेल्या कापसासारखं पांढरं आलं. आज त्यावर काळे ठिपके आलेत, टाचणीच्या डोक्याहून बारीक. पण मला दाखवायचंय ते वर नाहीये. पाव मी मधून कापते, थांबा. दिसतंय? वरून अगदी स्वच्छ दिसत होता तिथेही आत तंतू गेलेत. पाव पाव म्हणूनच उभा आहे, आकार तोच, तपकिरी पाठ तीच. आत मात्र दुसरं कोणी राहतंय. (आणि हो, बुरशी आलेला भाग कापून उरलेला पाव खाऊ नका. आमच्या घरी अजून हा वाद चालतो.)

आता मुद्द्यावर येते. तुमच्या दहातल्या नऊ कथांत एक वाक्य असतंच: ‘बुरशीने साहेबांच्या मेंदूवर ताबा मिळवला.’ ती झाँबीवाली मालिका आल्यापासून तर हे वाक्य पाठच झालंय सगळ्यांचं. हेच वाक्य काढा. बाकी सगळं राहू दे, एवढं काढा.

का ते सांगते. पृथ्वीवर असा ताबा घेणारी खरी बुरशी आहे, ऑफिओकॉर्डिसेप्स. ती सुतारमुंगीला धरते. मुंगी आपली वाट सोडते, एखाद्या झुडपावर चढते, पानाच्या खालच्या बाजूची शीर जबड्यात पकडते आणि तिथेच मरते. थायलंडच्या जंगलात मोजलं तेव्हा ही पानं जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटरवर निघाली, कारण तिथला दमटपणा बुरशीला मानवतो. मग मुंगीच्या डोक्यामागून बुरशीचा दांडा उगवतो. हे ऐकलं की सगळेच म्हणतात, मेंदूत शिरली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मुंगीच्या शरीराचे अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बुरशीच्या पेशी छातीत होत्या, पोटात होत्या, पायांत होत्या, डोक्यातही होत्या. मेंदूत नव्हत्या. स्नायूंच्या तंतूंभोवती त्यांनी जाळं विणलं होतं आणि एकमेकींना जोडून घेतलं होतं. बुरशी बाहेरून काही रसायनं मेंदूपर्यंत पोचवत असणार असं संशोधक मानतात. पण ती स्वतः जाऊन बसते ती स्नायूंपाशी.

म्हणजे काय, लक्षात घ्या. पाय तिचे झाले. जबडा तिचा झाला. मेंदू जागच्या जागी शाबूत.

आता मुंगी काढा आणि मामलतदार ठेवा. हात बुरशीचा, जीभ बुरशीची, खुर्चीतून उठणं बुरशीचं. आणि आत साहेब जागे आहेत. ऐकतायत, बघतायत. समोरची विधवा बाई तिसऱ्यांदा त्याच कागदासाठी आलीय हे त्यांना कळतंय, आपलं तोंड तिला काय उत्तर देतंय तेही कळतंय. तुम्ही मेंदू घेतलात की हा माणूस गेला. मग कथेत उरतं एक बाहुलं आणि एक बुरशी. ‘अंगात आलंय’ म्हणतो ना आपण, त्यात ज्याच्या अंगात येतं तो माणूस तिथेच असतो, म्हणून तर घरचे घाबरतात.

‘ताई, एवढ्याशा फरकाने काय होतं,’ असं बरेच जण विचारतात. मी हे घरात पाहिलंय, म्हणून सांगते.

माझे आजोबा दांडिया बाजारात राहायचे, कोर्टात कारकून होते. मोडी लिहायचे, देवनागरी लिहायचे, अक्षर असं की लोक त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायला घरी यायचे. सत्तरीनंतर त्यांना कंपवात झाला. त्यात हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण अक्षर बारीक बारीक होत जातं हे फारसं कोणी सांगत नाही. आजोबांची सही दर महिन्याला आखडत गेली. आडनावातला शेवटचा ‘कर’ आधी चिकटला, मग नुसता एक ठिपका झाला. पेन्शन काढायला मी त्यांच्याबरोबर एका बँकेत गेले होते. तिथल्या माणसाने त्यांच्यासमोर तीनदा स्लिप सरकवली. ‘सही जुळत नाही, काका.’ तीनदा. मागे रांग. आजोबांच्या डोक्यात ती सही पूर्ण होती, पहिल्या अक्षराच्या वळणापासून शेवटच्या रेघेपर्यंत. हाताला पोचत नव्हती. शेवटी त्या माणसाने शाईचं पॅड पुढे केलं आणि अंगठा मागितला. उभं आयुष्य ज्यांनी दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, त्यांचा अंगठा. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. आजी त्यांचा अंगठा घासून धूत होती, आणि नखाच्या कडेला निळं राहिलंच. तो दिवस मी विसरलेले नाही आणि त्या बँकेला मी माफही केलेलं नाही.

तुमचा मामलतदार आतून असा असतो. मेंदू शाबूत, हात परका. कथा लिहायला बसाल तेव्हा हे डोळ्यांसमोर ठेवा.

काही जणांनी शंका काढलीय की बुरशी माणसात टिकेलच कशी. प्रश्न योग्य आहे. आपलं अंग ३७ अंशांवर असतं आणि बहुतेक बुरशींना ते सोसत नाही. ३० ते ४० अंशांच्या दरम्यान तापमान एकेका अंशाने वाढवलं तर दर अंशाला सुमारे ६ टक्के जाती गळतात, असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. तुमच्या राजदूताला हे ऊन सोसता आलं पाहिजे, किंवा साहेबांचं अंग त्याने थोडं गार ठेवलं पाहिजे. हात मिळवताना गार लागणारा हात, मे महिन्यातल्या बडोद्यात! शिपायाच्या लक्षात येईल असा तपशील आहे, वापरा.

पण एक विनंती. २०२१ च्या काळ्या बुरशीचा उल्लेख गंमत म्हणून कथेत टाकू नका. त्या मे महिन्यात गुजरात सरकारला ती साथ म्हणून जाहीर करावी लागली होती. साखर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेली माणसं, आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवणारी बुरशी. तो काळा रंगही बुरशीचा नाही, रक्त न मिळाल्याने मेलेल्या मांसाचा आहे. आमच्या वाडीतल्या एका काकांचा डोळा गेला. त्यांच्या मुलीला इंजेक्शनसाठी पळताना मी पाहिलंय.

त्या इंजेक्शनात तुमच्या कथेचा दुसरा पेच आहे. नाव अँफोटेरिसिन-बी. बुरशीच्या पेशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल, आणि या औषधाचा सगळा भरवसा एवढ्या एका फरकावर. बुरशी आपल्या जवळची नातेवाईक आहे म्हटलं ना? म्हणूनच तिला मारताना आपल्यालाही लागतं. या औषधाने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

आता राजनयाचं. व्हिएन्ना करार, १९६१, म्हणजे देशांनी एकमेकांच्या राजदूतांशी कसं वागायचं त्याचे नियम. त्याच्या ९व्या कलमाप्रमाणे यजमान देश कारण न सांगताही म्हणू शकतो, हा राजदूत आम्हाला नको. मग त्याला परत बोलवावं लागतं. तुमचा राजदूत परत जाणार कसा? त्याला घालवायचं म्हणजे साहेबांना सलाइन लावायचं, आणि किंमत साहेबांच्या मूत्रपिंडांनी द्यायची. २९वं कलम म्हणतं राजदूताच्या शरीराला हात लावायचा नाही, अटक करायची नाही. इथे शरीर कोणाचं?

‘पण ताई, तो लपून आलाय, मग त्याला संरक्षण मिळेल का,’ असं एकाने विचारलं. शाब्बास. नाही मिळणार. त्याच कराराचं २रं कलम सांगतं की दोन देशांतले राजनैतिक संबंध परस्पर संमतीने जुळतात, आणि ४थं कलम सांगतं की राजदूत पाठवण्याआधी यजमान देशाचा होकार लागतो. लपून आलेला राजदूत हा हेर. मग मी तुम्हाला एक वाट सुचवते. तो दिल्लीपासून लपलेला नाहीच. दिल्लीने होकार दिलाय, कागद झालेत, शिक्के झालेत. विचारलं नाही ते फक्त मामलतदारांना. संमती दोन सरकारांची, आणि शरीर तिसऱ्याचं. मेंदूवर ताबा घेतलात तर हा प्रश्नच उभा राहत नाही, कारण विचारायला आत कोणी नाही. मी पुन्हा तिथेच आले, हो. येणारच.

परकायाप्रवेश आपल्याला नवा नाही. शंकराचार्य अमरुक राजाच्या शरीरात शिरले ती गोष्ट लहानपणी ऐकलीच असेल. पण तिथे राजा मेलेला होता. घर रिकामं होतं. तरीही प्रधानांना कळलं, कारण राजा अचानक फार शहाण्यासारखा वागायला लागला. तुमच्या कथेत घरमालक घरातच आहे, आणि हे ओळखणारे लोक जवळपासचेच असणार.

इथे आपल्या बडोद्याचा इतिहास कामाला येतो. १८७४ मध्ये कर्नल फेयर हा इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा प्रतिनिधी, छावणीत राहायचा. उघड आलेला, दरबाराला माहीत असलेला, आणि महाराज मल्हारराव गायकवाडांशी हाडवैर. ९ नोव्हेंबरला त्याने पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून ओतून दिलं, आणि तळाच्या गाळात सोमल सापडला. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव या तिघांना महाराजांवरचा विष घालवल्याचा आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. तिघा इंग्रजांना वाटलं. तरी १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढून मद्रासला पाठवलं, आणि मग सयाजीराव आले. पण मला त्या खटल्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की साक्षी कोणाच्या झाल्या? हवालदार, जमादार, मुलं सांभाळणारी आया. साहेबाच्या पेल्यात काय आहे हे त्यांना माहीत असतं.

म्हणून तुमच्या कथेत शास्त्रज्ञ आणू नका. शिपाई आणा. ऑफिसातलं हजेरीचं यंत्र रोज साहेबांचा अंगठा मान्य करतं, कारण रेषा त्याच आहेत. दारावरचा पोलीस चेहरा ओळखून सलाम करतो. आणि वीस वर्षं त्यांच्या फायली उचलणारा शिपाई एका संध्याकाळी दोन कागद खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी धरतो. जूनमधली सही आणि ऑगस्टमधली. ऑगस्टमधली बारीक झालीय, पण शेवटचं अक्षर कागदात इतकं दाबलंय की मागच्या बाजूला बोटाला लागतं. आतून कोणीतरी जोर लावलाय.

तिथून पुढे तुम्ही लिहा. तीन हजार शब्दांच्या आत, श्रावण संपायच्या आधी पाठवा. मी सगळ्या वाचते.